सर्व बटणे दहावर

आमच्या गावच्या सहकारी सोसायटीनं स्वतःचं लाऊडस्पीकरचं मशीन घ्यावं ही कल्पना माझी नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. इतिवृत्तात "सेक्रेटरींच्या सूचनेवरून" असं लिहिलेलं आहे आणि ते माझ्याच अक्षरात आहे, हे खरं. पण इतिवृत्त लिहायचं म्हणजे सूचना कुणाच्या तरी नावावर टाकावी लागते. चेअरमनच्या नावावर टाकली की व्हाईस चेअरमन सही करत नाहीत, आणि व्हाईस चेअरमनच्या नावावर टाकली की चेअरमनना पेन सापडत नाही. त्यामुळं आमच्या सोसायटीतल्या बहुतेक बऱ्यावाईट कल्पना माझ्या नावावर आहेत. कुणी नुसतं इतिवृत्त वाचलं तर मी फार कर्तबगार माणूस वाटेन.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. येडशी स्टेशनवर उतरून आमच्या गावाकडं यायला लागलं की वाटेत हिरवं म्हणून काही दिसायचं नाही. विहिरींत तळाचे दगड उघडे पडले होते. हाताला काम होतं ते सरकारी, खडी फोडायचं, आणि ते दोन कोस लांब. बाया पहाटे अंधारात निघायच्या आणि दिवे लागल्यावर परत यायच्या. तान्ही पोरं म्हाताऱ्यांच्या हवाली, चुली दिवसभर गार. अशात बातमी आली की आमच्या भागाला पाझर तलाव मंजूर होणार आहे. तो आमच्या शिवारात करायचा की पलीकडच्या गावच्या शिवारात, एवढंच ठरायचं राहिलं होतं. आमच्याकडं झाला तर काम गावाला लागून, हाकेच्या अंतरावर. प्रांतसाहेब स्वतः येऊन माळावरची जागा पाहणार, लोकांचं म्हणणं ऐकणार आणि तिथल्या तिथं निर्णय सांगणार होते.

आता लोकांचं म्हणणं ऐकणार म्हणजे ते ऐकू गेलं पाहिजे. याआधी एक इंजिनियरसाहेब येऊन गेले होते. तेव्हा आम्ही लग्नातला भाड्याचा कर्णा आणला होता. त्यानं सकाळभर लग्नाची गाणी खणखणीत वाजवली आणि भाषणाच्या वेळी खरखरून मान टाकली. माळावरचं वारं एवढं होतं की व्हाईस चेअरमनचे नुसते ओठ हलताना दिसले. इंजिनियरसाहेबांनी मान डोलावली आणि ते चहाला पलीकडच्या गावी गेले. गावानं तो चहा फार मनाला लावून घेतला. म्हणून मशीन घ्यायचं ठरलं.

इथं आमच्या दोन पुढाऱ्यांची ओळख करून दिली पाहिजे. चेअरमन आबाराव यांचा आवाज असा की त्यांनी घरात पाणी मागितलं तर शेजारची बाई तांब्या घेऊन उठते. व्हाईस चेअरमन माणिकप्पा यांचं किराणा दुकान. त्यांचा आवाज असा की त्यांनी साखरेचा भाव सांगितला तर गिऱ्हाईक दोनदा "आँ?" करतं. गावात दोघांचे दोन गट. आबारावांच्या गटाचं म्हणणं, माणूस खमक्या पाहिजे. माणिकप्पांच्या गटाचं म्हणणं, आमचा माणूस कमी बोलतो पण मोलाचं बोलतो. ते मोलाचं काय, हे अजून कुणी ऐकलेलं नव्हतं.

मशीन आणायला मी सोलापूरला गेलो. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं एक राखाडी पेटी पुढं ठेवली. तिच्यावर चार माईकची चार बटणं, प्रत्येकाभोवती शून्यापासून दहापर्यंत आकडे, शेजारी सगळ्यांचं मिळून एक मोठं बटण, आणि काचेआड एक काटा. काट्याच्या वाटेत शेवटी लाल पट्टा.

"प्रत्येक माणसाला त्याच्या माईकवर बोलतं करायचं," म्हातारा म्हणाला. "दणकट आवाजाच्या माणसाचं बटण कमी, बारीक आवाजाच्या माणसाचं जास्त. म्हणजे कर्ण्यातून दोघंही सारखेच निघतात. आणि मोठं बटण कधी पूर्ण फिरवायचं नाही, सहाच्या पुढं न्यायचं नाही. काटा लाल पट्ट्याच्या बराच अलीकडं राहिला पाहिजे."

"मग वरची जागा कशाला ठेवलीय?" मी विचारलं.

"ती रागासाठी," तो म्हणाला. "माणूस बोलता बोलता तापतो. त्या वेळी त्याचा आवाज वर जातो. वर जागा नसली की आवाज फाटतो, आणि मग मागं राहते नुसती खरखर. जागा मोकळी ठेवा."

मला हे फार पटलं. आमच्या माळवदाच्या घरांची दारं ठेंगणी असतात, आणि तावातावानं बाहेर पडणारा माणूस हमखास चौकटीवर कपाळ आपटतो. मी ते अनेकदा केलेलं आहे. तेव्हा आवाजाला डोक्यावर थोडी जागा हवी, हे मला शिकवायची गरज नव्हती. पेटी मांडीवर घेऊन मी एसटीनं परत आलो. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं. मी दिलं नाही, पण वाद घालताना माझा आवाज फाटला हे माझ्या लक्षात आलं.

गावात पेटी उतरायच्या आत सल्ले सुरू झाले. आमचे शेजारी दगडोबा हे निजामाच्या वेळी पोलिसात होते. त्यानंतर त्यांनी काहीही केलेलं नाही, पण हुकूम देणं थांबवलेलं नाही. ते काठी टेकत आले, त्यांनी पेटीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हे मोठं बटन सहावरच का थांबिवलं?"

मी म्हाताऱ्याचं सगळं शास्त्र सांगितलं.

"म्हंजी पैसा दहाचा दिला अन् आवाज सहाचा घ्यायचा?" दगडोबा म्हणाले. "हा कुठला इन्साफ? वरचे चार आकडे काय दुकानदाराला वापस देणार हाव?"

हा प्रश्न संध्याकाळपर्यंत गावभर झाला. वास्तविक त्या उन्हाळ्यात आमच्या गावात लोक घागरीच्या तळाचं पाणीसुद्धा राखून ठेवत होते. पण आवाज राखून ठेवायचा म्हटल्यावर जो तो चिडला. पारावर मला बघून लोक हळू बोलायला लागले आणि "सेक्रेटरी, आता किती आकड्यावर बोललो?" असं विचारायला लागले. मी हसून सोडून दिलं. मनातून लागलं, हे सांगायला हरकत नाही.

दुसरी पायरी परवान्याची. माळावर लाऊडस्पीकर लावायचा तर पोलीस चौकीचा परवाना लागतो. जमादारांनी छापील अर्ज काढला. त्यात "आवाजाची मर्यादा" असा रकाना होता. आजवर तो कुणी भरला नव्हता, म्हणून त्यांना भरायची हौस आली.

"किती मर्यादा?" त्यांनी विचारलं.

"सहा," मी म्हणालो.

"सहा काय?"

हे मला म्हाताऱ्यानं सांगितलं नव्हतं. "नुसतं सहा," मी म्हणालो. "दहापैकी."

"सरकारी कागदावर नुसतं सहा चालत न्हाय," असं म्हणून जमादारांनी त्याच्यापुढं "मैल" लिहिलं. शिक्का मारला. शिक्का बसलेल्या कागदाशी वाद घालू नये एवढं मला कळतं. पण दोनच दिवसांत पलीकडच्या गावानं हरकत घेतली. आमचा आवाज सहा मैल गेला तर तो त्यांच्या शिवारातून पुढं तीन मैल जातो, आणि त्यांच्या हद्दीत शिरून आमची बाजू मांडतो, असं त्यांचं म्हणणं. जमादारांनी मला पुन्हा बोलावलं आणि "आवाज हद्दीपाशी थांबवण्यात येईल" अशी हमी लिहून घेतली. ती मी सही करून दिली. पुढं तो आवाज हद्दीवर थांबला की नाही, हे बघायला कुणी गेलं नाही, हे माझं नशीब.

तालमीच्या दिवशी सोसायटीच्या गोदामासमोर खांबावर दोन कर्णे चढवले आणि तीन माईक मांडले. तीन अशासाठी की चेअरमनच्या माईकवर व्हाईस चेअरमन बोलणार नव्हते आणि व्हाईस चेअरमनच्या माईकला चेअरमन तोंड लावणार नव्हते. तिसरा माईक मजुरांच्या वतीनं बोलणाऱ्या भिमाबाईसाठी. भिमाबाई खडीवरच्या बायांची पुढारी, बौद्धवाड्यातली. दरवर्षी एप्रिलात जयंतीला ती हजारभर माणसांपुढं बोलायची. माईकसमोर उभं राहायची सवय गावात तिच्याइतकी कुणालाच नव्हती. तिला वेगळा माईक द्यावा हा ठराव मात्र आबाराव आणि माणिकप्पा या दोघांनी चर्चेशिवाय मंजूर केला. सोसायटीच्या इतिहासात बिनविरोध झालेला तो पहिला ठराव. का झाला ते मी इतिवृत्तात लिहिलं नाही. भिमाबाईला ते न वाचताच कळलं होतं.

मी एकेकाला बोलायला लावलं. आबाराव नुसते "हॅलो" म्हणाले आणि काटा लाल पट्ट्यात जाऊन आपटला. त्यांचं बटण कमी करत करत दोनावर आणलं, तेव्हा तो जागेवर आला. माणिकप्पा काहीतरी बोलले. काय ते कळलं नाही. त्यांचं बटण सातावर नेलं तेव्हा काटा जागचा हलला.

भिमाबाईनं विचारलं, "काय बोलू, सेक्रेटरीसायेब?"

"काहीही बोला. नेहमीसारखं."

"न्हेमीसारखं म्हंजी रागानं का बिनरागाचं?"

मला त्या बाईचं कौतुक वाटलं. सोलापूरच्या म्हाताऱ्याची विद्या या गावात दुसऱ्या कुणाला तरी जन्मतःच येत होती. मी दोन्ही म्हणालो. तिनं आधी सावकाश सांगितलं की काम गावाला लागून पाहिजे. मग एक दम घेऊन तेच रागानं सांगितलं. गोदामावरचे पारवे उडाले. काटा उसळला, पण लाल पट्ट्याला शिवला नाही. तिचं बटण पाचावर ठेवलं. तिघांचे तीन आवाज आता कर्ण्यातून सारखे येत होते आणि मी खूष होतो.

ती खुषी आबारावांनी पेटीवर वाकून आकडे वाचेपर्यंत टिकली.

"आमचं दोन?" ते म्हणाले. माईक बंद होता, तरी पारावरची माणसं उठून उभी राहिली. "चेअरमनचं दोन अन् व्हाईसचं सात? ह्ये कुणी ठरिवलं?"

"आबा, तुमचा आवाजच मुळात मोठा आहे, म्हणून—"

"मोठा हाय तर आकडा मोठा पायजे! अन् हिचं पाच? म्हंजी आमी भिमाबाईच्याबी खाली?"

"मला एकावर ठिवा की," भिमाबाई म्हणाली. "आवाज गेला म्हंजी झालं. आकडा घिऊन म्या काय खडी फोडू?"

तिचं कुणी ऐकलं नाही. माणिकप्पांच्या गटानं सात हा आकडा आधीच उचलून धरला होता. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दुकानाच्या फळीवर बसून लोक "आमचं सात, त्यांचं दोन" असं सांगत होते. पुढच्या निवडणुकीचं त्यांचं काम होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तातडीची सभा बोलावली. मी फळ्यावर आकृती काढून समजावलं. एका सभासदानं विचारलं, सहकारात सगळे सारखे ना? मग बटणं कमीजास्त का? टाळ्या पडल्या. मी म्हणालो, सगळ्यांचा आवाज सारखा यावा म्हणूनच बटणं कमीजास्त आहेत. यावर कुणी टाळी वाजवली नाही. शेवटी "सर्व बटणे एकाच आकड्यावर ठेवण्यात यावीत" असा ठराव आला. कुठल्या आकड्यावर, हा प्रश्न निघाला. पाच म्हटलं तर माणिकप्पांचे दोन कमी होत होते. सात म्हटलं तर आबारावांना तो व्हाईसचा उष्टा आकडा वाटत होता. म्हणून सर्वांनुमते दहा ठरलं. मी लिहिलं: "सर्व बटणे दहावर." सूचक, सेक्रेटरी.

ठरावाची अंमलबजावणी लगेच झाली. तिन्ही बटणं दहावर नेली. आबाराव माईकजवळ गेले, त्यांनी घसा खाकरला, आणि दोन्ही कर्ण्यांनी अशी शिट्टी मारली की दगडोबांची म्हैस दावं तोडून रामलिंगाच्या रस्त्याला लागली. त्या शिट्टीवर आबाराव "बंधूंनो" म्हणाले. एका कर्ण्यातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि तो कायमचा मुका झाला. लोक कानांवर हात घेऊन उभे होते.

मला वाटलं, आता तरी पटेल. पण दगडोबा, म्हैस गेलेली असतानाही, म्हणाले, "नवी चप्पल चावतीच. चार दिस वापरा, नरम पडंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव कायम राहिला. जाता जाता आबाराव माझ्याजवळ थांबले आणि त्यांच्या मानानं हळू, म्हणजे चौकात ऐकू जाईल इतकं, म्हणाले, "सेक्रेटरी, तुमी माणिकप्पाच्या गटाचं हाव असं लोकं म्हणूलालेत. म्या इस्वास ठिवला न्हाय. पर सोनारीकडं सेक्रेटरीची जागा रिकामी हाय म्हणं."

सोनारी म्हणजे परंड्याच्या पलीकडं. घरी येऊन मी हे बायकोला, उमाला, सांगितलं. ती म्हणाली, "तिथं काळभैरवाचं देऊळ आहे. मी येईन." संकटात बायकोनं पाठीशी उभं राहावं ते असं. मला मात्र बदलीपेक्षा माळावरचीच धास्ती जास्त होती. एकच कर्णा उरला होता. दहावर त्यानं शिट्टी मारली तर प्रांतसाहेब कानात बोटं घालून गाडीत बसणार. भिमाबाईचं म्हणणं शिट्टीत जाणार, तलाव पलीकडं जाणार, आणि बाया पावसाळ्यापर्यंत दोन कोस चालत राहणार. आणि इतिवृत्तात सूचक म्हणून माझं नाव.

सभेच्या आदल्या दिवशी मी पेटी घरी आणून ठेवली होती. दुपारी डोळा लागला. उठून बघतो तर उमा ओल्या फडक्यानं पेटी पुसत होती आणि तिच्या ओच्यात चार बटणं होती.

"अगं, काय केलंस हे!"

"ओरडू नका. नुसती दाबून बसवलेली असतात. आत धूळ होती म्हणून ओढून काढली," ती म्हणाली. "हे बघा, बसतात परत." तिनं एक बटण खुंटीवर दाबून बसवलं. बटणाची पांढरी रेघ सरळ नवावर आली. दुसरं बसवलं, ते तीनावर. आतली खुंटी होती तिथंच होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

मी चटईवर बसलो. बराच वेळ ती रेघ बघत बसलो. आकडे पेटीवर होते, रेघ बटणावर होती, आणि आवाज खुंटीवर होता. या तिघांचं एकमेकांशी काही नातं असलंच पाहिजे, असं कुठल्याही ठरावात लिहिलेलं नव्हतं.

मग दार लावून मी आधी खुंट्या जागेवर आणल्या: आबाराव दोन, माणिकप्पा सात, भिमाबाई पाच. त्यानंतर प्रत्येक बटण उपसलं, त्याची रेघ दहाकडं केली आणि दाबून बसवलं. चौथ्या माईकचं बटण रिकामं होतं, तेही दहावर केलं. समानता म्हणजे समानता. मोठ्या बटणालाही सहावर ठेवून दहा दाखवलं. उमा हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे सोनारीला जायचं नाही का?" तिच्या बोलण्यात थोडी निराशा होती, असं मला वाटलं.

सभेच्या दिवशी सकाळी सगळं गाव माळावर. पेटी चालवायला आबारावांच्या ट्रॅक्टरची बॅटरी. आबाराव, माणिकप्पा आणि दोन्ही गटांचे दोन दोन जाणकार पेटीवर वाकले. दहा, दहा, दहा, दहा. कुणाला बोट दाखवायला जागा नव्हती. दगडोबांनी मोठ्या बटणाचे दहा बघून "बहुत खूब" म्हटलं. लोकांनी खबरदारी म्हणून कानांत कापसाचे बोळे घातले होते.

प्रांतसाहेब आले. तरुण, चष्म्याचे, घाईतले. पुढं आणखी दोन गावं करायची होती. आबाराव माईकपुढं गेले तेव्हा मी डोळे मिटून घेतले. "बंधूंनो आनि भगिनींनो," कर्ण्यातून आवाज आला. स्वच्छ. भरदार. शिट्टी नाही, खरखर नाही. लोकांनी एकेक करत बोळे काढले. आबारावांनी तलावापेक्षा आपल्या वडिलांनी बांधलेल्या विहिरीबद्दल जास्त सांगितलं, पण शब्द न् शब्द ऐकू गेला.

मग माणिकप्पा. वर्षानुवर्षं ज्यांचं मोलाचं बोलणं गावानं ओठांवरून ओळखलं होतं, ते आज पहिल्यांदा ऐकू आलं. ते साखरेच्या कोट्याबद्दल होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्यांच्या गटातले लोक एकमेकांकडं बघायला लागले. एकानं काढलेला बोळा हळूच परत घातला.

प्रांतसाहेबांनी घड्याळ बघितलं. मी भिमाबाईला खूण केली. ती तिसऱ्या माईकपुढं उभी राहिली, पदर खोचला, आणि सावकाश सुरू केलं. "सायेब, आमी बाया दोन कोस जाताव आनि दोन कोस येताव..."

आवाज सुरेख येत होता. नको तेवढा सुरेख, कारण आबाराव पेटीशेजारी उभे होते आणि त्यांनी आधी कर्ण्याकडं, मग पेटीकडं बघितलं. त्यांना काहीतरी खटकलं. ठरावात "सर्व बटणे" असं होतं. पण सर्व म्हणजे भिमाबाईचंही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"हिला दहा कशाला?" ते मला म्हणाले. "पाच पुष्कळ झालं." आणि त्यांनी बटण फिरवून पाचावर आणलं.

दाखवायच्या दहाचे पाच झाले. म्हणजे खऱ्या पाचाचं शून्य झालं. कर्णा गप्प. भिमाबाईचे ओठ हलत होते आणि वारं सगळं घेऊन जात होतं. तिला ते लगेच कळलं, पण ती थांबली नाही. प्रांतसाहेबांनी क्षणभर कान दिला, मग मान डोलावली. ती मान मी ओळखली. इंजिनियरसाहेबांनीही तशीच डोलावली होती. ते फाईल मिटून उठले.

मी बटणाकडं हात नेला. आबारावांनी माझं मनगट धरलं. मी नोकरीत कधी कुणाचा हात झटकला नाही. सेक्रेटरीनं तसं करायचं नसतं. पण त्या बायांचे पाय मला दिसत होते, पुढच्याच रांगेत, भेगाळलेले, धुळीनं पांढरे. मला संताप आला. मी दुसऱ्या हातानं बटण धरलं, त्यांनीही धरलं, आणि साऱ्या गावादेखत, प्रांतसाहेबांदेखत, सेक्रेटरी आणि चेअरमन एका बटणासाठी झोंबायला लागले. माझी टोपी पडली. बटण निघालं आणि आबारावांच्या हातात गेलं. ते त्याच्याकडं बघतच राहिले. बाईचा आवाज आता कुठल्या आकड्यावर आहे, हे सांगायला पेटीवर रेघच उरली नव्हती. उघड्या खुंटीला दोन बोटांनी धरून मी तिला जागेवर नेलं.

नेमक्या त्याच क्षणी भिमाबाईनं दम घेतला होता.

"सायेब, खाली बसा!"

सारा माळ दणाणला. काटा उसळून लाल पट्ट्याच्या अलीकडं थरथरत राहिला. आवाज कुठंही फाटला नाही. त्यातला राग, त्यातला थकवा, त्यातलं "बसा", सगळं जसंच्या तसं ऐकू गेलं, बहुधा हद्दीपलीकडंही. प्रांतसाहेब खाली बसले. आबारावही बसले. दगडोबा तर उभ्या जागी सावधान झाले.

"तुमी दोघांचं ऐकून घ्येतलं," भिमाबाई म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "त्येंच्या इहिरीचं ऐकलं, साखरंचं ऐकलं. आता आमचं. माझी सून वल्ली बाळंतीन हाय. ती दोन कोस चालून खडीवर जाती अन् लेकरू हितं रडतं. आमी काम चुकवीत न्हाय. आमाला फुकट कायबी नगं. काम गावाजवळ द्या, म्हंजी मधी यिऊन लेकराला पाजता यील. येवढंच."

प्रांतसाहेबांनी विचारलं, "अशा किती बाया आहेत?"

"हात वर करा गं," ती म्हणाली. बायांनी हात वर केले. प्रांतसाहेब ते मोजायला लागले, आणि मग मोजायचं सोडून दिलं. त्यांनी सोबतच्या ओव्हरसियरला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. मग स्वतः उठून भिमाबाईच्याच माईकपाशी आले आणि म्हणाले, "तलावाची आखणी सोमवारी इथं सुरू होईल."

मी खाली बसलो. पेटीशेजारी, मातीत, टोपीशिवाय. माझं हसू थांबत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. उमा बायांच्या घोळक्यातून माझ्याकडं बघत होती. तिनं नुसतं डोक्याला हात लावून टोपीची खूण केली.

संध्याकाळी आबाराव घरी आले. त्यांनी खिशातून बटण काढून पेटीवर ठेवलं. ट्रॅक्टर सुरू होत नव्हता, बॅटरी उतरली होती, पण ते त्याची तक्रार घेऊन आले नव्हते.

"दहावर आवाज लई झाक आला," ते म्हणाले. "म्या पयल्यापून म्हणत हुतो."

"होय आबा."

"पर ती बाई वरडली तवा बटन तर माज्या हातात हुतं." त्यांनी दाराकडं बघितलं, मग त्यांच्या मानानं खरोखरच हळू विचारलं, "तवा तिचं कितीवर हुतं? आमच्यापेक्षा वर न्हवतं न्हवं?"

"आता ते कसं सांगणार, आबा," मी म्हणालो. "रेघच नव्हती."

त्यांनी चहा घेतला. सोनारीचा विषय निघाला नाही. जाताना म्हणाले, "माणिकप्पाचं भाषन पुन्यांदा ठिवा एकदा. लोकांला ऐकू द्या." पुढच्या निवडणुकीत आबारावांना प्रचार करावाच लागला नाही.

सोमवारी आखणी झाली आणि आठवडाभरात काम लागलं. एके दिवशी मी दुपारी सोसायटीतून जेवायला घरी आलो. जेवता जेवता उमानं हात वर करून मला गप्प केलं.

"काय झालं?"

"ऐका ना," ती म्हणाली.

मी घास तसाच धरून ऐकत राहिलो. आधी काही कळलं नाही. मग शेजारच्या घरातून आलं, मग गल्लीच्या टोकाकडून, मग बौद्धवाड्याकडून. काटवटीत भाकरी थापल्याचे आवाज, एकामागून एक. कामावरच्या बाया दुपारच्या सुट्टीत घरी आल्या होत्या. मधेच कुठंतरी एक लेकरू रडायला लागलं, आणि लगेच गप्प झालं.